घरातले आभारप्रदर्शन

(रमाई जयंतीच्या कार्यक्रमात तेल्हारा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली दहा-बारा वर्षे या संस्थेच्या प्रत्येक कार्यक्रमात आमच्या वाट्याला एकच काम येत आले आहे, आणि ते म्हणजे आभारप्रदर्शन. बँकेतला माणूस आहे, नावे विसरणार नाही, कोणाची देणगी कोणाच्या नावावर टाकणार नाही, असा सचिवांचा विश्वास. पण या कामाचे एक दुःख आहे. आम्ही 'सर्वप्रथम' असा शब्द उच्चारला की मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधू लागतात. 'त्याचप्रमाणे' म्हणेपर्यंत महिला मंडळ झोपलेली लेकरे खांद्यावर घेते. आणि मंडपवाल्याचे आभार मानायची वेळ येते तेव्हा ऐकायला एकटा मंडपवालाच उरतो, तोही खुर्च्या उचलण्यासाठी थांबलेला असतो.

यंदा सचिवांनी आम्हाला चक्क भाषण दिले. विषय तुमचा तुम्ही निवडा म्हणाले. आम्ही कला शाखेचे पदवीधर, त्यामुळे आम्हाला सर्व विषयांतले थोडे थोडे येते आणि कोणताच विषय पुरता येत नाही. तेव्हा ज्या कामाचा अनुभव आहे त्यावरच बोलावे असे ठरवले. सभेतले आभार आम्ही शेकडो वेळा मानले, पण घरातले आभार कोण मानतो, कधी मानतो, आणि मानले तर काय होते, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही 'आम्ही' म्हणतो त्यात मोठेपणा नाही. बँकेच्या पत्रात 'आम्ही आपणांस कळवू इच्छितो' असे लिहून लिहून सवय लागली आहे, आणि घरात 'मी' म्हणायची सोय राहिलेली नाही.

तुम्ही पाहा, आपल्या वऱ्हाडी बोलीत घरच्या माणसाला 'आभारी आहे' म्हणायला शब्दच नाही. कोणी म्हटलेच तर तो टोमणा असतो. 'लय उपकार केले बाप्पा माह्यावर' असे घरातून ऐकू आले, तर समजावे की आपण उशिरा आलो आहोत, किंवा भाजी आणायला सांगितली आणि नासकी वांगी आणली. आमच्या मुलीने शाळेत शिकून आल्यावर एकदा आजीने पाणी दिले तेव्हा 'थँक्यू आजी' म्हटले. आजी घाबरली. 'काऊन वं, कुठं चालली का?' म्हणाली. आभार मानणे म्हणजे निरोप घेणे, अशी तिची समजूत होती. आमच्या चपला शोधणाऱ्या मंडळींची समजूत काही वेगळी नाही.

मग आपल्या घरांत कृतज्ञता नव्हती काय? होती. पण ती हसण्यात होती असे आम्हाला वाटते. आपला हा भाग खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे आणि जमिनीखालचे पाणी खारट आहे. काळी माती, कपाशी झकास, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. या पाण्यात तुरीची दाळ शिजता शिजत नाही. सरपण संपते, शिजवणारी थकते, दाळ मात्र जशीच्या तशी. सातपुड्याच्या पायथ्याशी वारीजवळ वान नदीवर धरण झाले आणि तिथले गोडे पाणी नळाने येऊ लागले, त्याआधी आमची आजी पावसाचे पाणी रांजणात धरून ठेवायची आणि पाहुणा आला तरच वरणासाठी काढायची. आजोबा जेवायला बसले की म्हणायचे, 'आपल्या घरी एक बरं हाय, मिठाचा खर्च नाई.' रोज तीच थट्टा, आणि रोज आजी हसायची. आम्हाला लहानपणी वाटे की म्हातारीला विसरायला होते, म्हणून रोज हसते. आता कळते की दोन तास चुलीशी बसून शिजवलेल्या त्या दाळीची ती पावती होती, आणि आजी ती रोज घेत होती.

आजीची स्वतःचीही एक थट्टा होती आणि ती जरा तिखट होती. त्यांच्या लहानपणी गावात आपल्या वस्तीची विहीर वेगळी आणि गावाची वेगळी. गावाच्या विहिरीवर पोहरा टाकायची सोय नव्हती. आजी सांगायची, 'त्याइनं वरून वेगळं केलं, पण खालून एकच ना! त्याइच्या विहिरीचं पाणी बी खारटच. त्याइची बी दाळ शिजे नाई.' असे म्हणून ती पदर तोंडाला लावून हसायची. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर काय घडले ते आम्ही पुढे पुस्तकात वाचले. त्या अन्यायाला हसून उत्तर देणारी बाई मात्र आमच्या घरातच भाकरी थापत होती, आणि ते हसणे लिहून ठेवायचे कोणाला सुचले नाही.

आता ज्यांच्या जयंतीसाठी आपण जमलो त्या माता रमाईंकडे येऊ. रमाईंविषयी बोलताना आपले वक्ते त्यांचे हाल सांगतात, डोळ्यांना पाणी आणतात. ते सारे खरेच आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१७ आणि पुन्हा १९२० ते १९२३ परदेशात शिकत होते, तेव्हा मुंबईत घर कोणी चालवले हे आपल्याला ठाऊक आहे. पाच लेकरांपैकी एकटे यशवंतराव जगले. पण आम्हाला आज दुसरीच गोष्ट सांगायची आहे. 'बहिष्कृत भारत' या आपल्या पत्राच्या ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात बाबासाहेबांनी पत्राच्या आर्थिक ओढाताणीवर अग्रलेख लिहिला. हे ऋण समाजाचे नव्हे काय, असा त्याचा रोख आहे. मदतीला कोणी नाही, सगळे रकाने एकट्याने भरावे लागतात, हे ते सांगतात. आणि सांगता सांगता घरात शिरतात. आपण परदेशी असताना जिने प्रपंचाची काळजी वाहिली, परत आल्यावर हलाखीच्या दिवसांत जिने शेणाचे भारे डोक्यावर आणायला मागेपुढे पाहिले नाही, तिच्याजवळ दिवसाच्या चोवीस तासांत अर्धा तासही बसता येत नाही, असे ते जाहीर लिहितात.

बंधूंनो, थोडा विचार करा. १९२८ साल. मोठ्या माणसाने बायकोचे नाव चारचौघांत घेऊ नये असा तो काळ. त्या काळी एक बॅरिस्टर वर्तमानपत्रात लिहितो की माझ्या बायकोने डोक्यावर शेण वाहिले. आम्ही बँकेत कारकून, पण आमच्या घरची मंडळी लग्नाआधी निंदायला जात होती हे आम्ही सहकाऱ्यांना सांगितले नव्हते. सांगायला कोणी मनाई केली नव्हती.

आता आम्ही स्वतःच्या घरात शिरतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. ९ तारखेला बँका बंद होत्या आणि १० तारखेपासून काउंटरसमोर जी रांग लागली ती वर्षअखेरपर्यंत कमी-जास्त होत राहिली. त्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आणि रविवारीही आम्ही नोटा मोजल्या. त्या दिवसांवर मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिले. आम्ही काउंटरच्या आतून काय पाहिले ते सांगतो. दुपारी रांगेतले पुरुष कमी झाले की बायका यायच्या. आधी इकडेतिकडे पाहायच्या. मग काउंटरच्या जाळीला तोंड लावून हळू विचारायच्या, 'साहेब, हे घरी माईत पडते काय?' रुमालात बांधलेल्या, पोलक्यात ठेवलेल्या, उशीच्या खोळीत शिवलेल्या नोटा. काही नोटांना हळदीचा पिवळेपणा चढलेला. काही नोटा मिरचीच्या डब्यातून आलेल्या, त्या मोजताना आम्हाला अशा शिंका आल्या की मागच्या म्हाताऱ्याने आम्हाला रजा घ्यायचा सल्ला दिला. एका बाईच्या नोटांना तर ज्वारीतल्या किड्यांनी कोपरे कुरतडलेले होते. पैशाला व्याज लागते हे आम्ही शिकलो होतो, सोंडेही लागतात हे तेव्हा कळले.

आठ दिवस आम्ही घरी जाऊन या गमती सांगत होतो. आमची मंडळी ऐकत होती, मान हलवत होती, पण हसत नव्हती. नवव्या दिवशी रात्री लेकरे झोपल्यावर त्यांनी मेथीदाण्याचा डबा आमच्यापुढे ठेवला. त्यात मेथीदाणा वरचा वर होता. खाली पाचशेच्या सतरा नोटा होत्या.

साडेआठ हजार रुपये. आम्ही लगेच मनात मोजले, कारण ती सवयच आहे. आणि खरे सांगतो, आम्हाला राग आला. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना 'काळजी करू नका, घरी कळणार नाही' असे हसून सांगणारे आम्ही, स्वतःच्या घरात मात्र न्यायाधीश होऊन बसलो. 'बँकवाल्याच्या घरात डबा? खाते उघडायला काय झाले होते?' त्या म्हणाल्या, 'तुमच्या बँकीत ठेवले असते तं तुमाले माईत नसतं पडलं काय?' याला उत्तर नव्हते, म्हणून आमचा आवाज वाढला. लपवाछपवी, विश्वास, असे मोठे शब्द आम्ही वापरले. त्यांनी शांतपणे बोटे मोजली. वडिलांच्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या वेळी 'सापडले कपाटात' म्हणून जे दोन हजार दिले ते या डब्यातले. मुलीच्या सहलीचे याच डब्यातले. एका उन्हाळ्यात आमचाच पगार एका आजारपणात संपला तेव्हा महिनाभर किराणा कसा आला हे आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही तेव्हा मित्रांना सांगत फिरलो होतो की नियोजन असले की कमी पगारातही भागते.

आमच्या फलटणच्या लेखिका बेबीताई कांबळे यांनी किराणा दुकानात बसल्या बसल्या 'जिणं आमुचं' लिहिले आणि वीसेक वर्षे त्या वह्या घरच्यांच्या नजरेआड ठेवल्या. ते पुस्तक १९८६ साली आले. आम्ही ते महाविद्यालयात वाचले आणि त्यावर टिपणही काढले. वह्या लपवाव्या लागणाऱ्या बाईबद्दल आम्हाला परीक्षेत चांगले गुण मिळाले. डबा लपवणारी बाई घरात होती.

पण गोष्ट इथे संपली नाही. आमचा वाढलेला आवाज ऐकून आतल्या खोलीतून आई उठून आली. तिने डबा पाहिला, नोटा पाहिल्या, सुनेकडे पाहिले, आणि ती खाली बसून हसायला लागली. 'माह्याच हातची शिकली,' म्हणाली. मग हसता हसता तिच्या तोंडून जे निघाले ते ऐकून आमचा राग जागच्या जागी राहिला.

२००० साली आम्ही बी.ए.ला होतो. परीक्षेचा फॉर्म आणि राहिलेली फी मिळून साडेसहाशे रुपये भरायचे होते. बोंडअळीने कपाशी खाल्ली होती आणि घरात पैसा नव्हता. शेवटच्या दिवशी आईने रुपये हातावर ठेवले, 'मामानं देले' म्हणाली. मामा म्हणजे आईचे मोठे भाऊ. आम्ही तो उपकार कधी विसरलो नाही. २००५ साली बँकेत लागलो, आणि त्या वर्षापासून दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मामांना एक शर्टपीस द्यायचा नेम ठेवला. पाया पडून म्हणायचो, 'मामा, तुमच्यामुळे आम्ही आज इथे आहोत.' मामा खाली पाहून म्हणायचे, 'असू दे रे, असू दे.' केवढा निगर्वी माणूस, असे आम्हाला वाटे.

तर ते पैसे मामांचे नव्हतेच. आईने आपल्या हातातले चांदीचे गोट विकले होते. मामांनी फक्त ते सायकलवरून सोनाराकडे नेले आणि रुपये आणून दिले. आम्हाला कळले तर आम्ही शिक्षण सोडून मजुरीला जाऊ, ही आईची भीती. तिचे हात पुढे मोकळेच राहिले. कधी विचारले तर 'निंदताना टोचतात' असे सांगायची. आम्ही ते खरे मानले.

हिशेब केला. बारा शर्टपीस. दुसऱ्या दिवशी मामांना गाठले. मामा म्हणाले, 'मी तं पयल्याच वर्षी सांगणार होतो. तुही माय म्हणे, घे अन् चूप राय.' सोळा वर्षे एखादी गोष्ट पोटात ठेवणे बँकेतही कोणाला जमत नाही. म्हणून तेरावा शर्टपीसही आम्ही दिला, यावेळी गुप्ततेबद्दल.

आता आईचे आभार कसे मानावे? आम्ही वाचलेला माणूस. अंगुत्तर निकायात तथागत सांगतात की कृतज्ञ आणि कृतवेदी माणूस जगात दुर्मीळ. केलेले जाणणारा तो कृतज्ञ. पण जाणून ते उघड करणारा, बोलण्या-वागण्यातून दाखवणारा तो कृतवेदी, आणि ही दुसरी पायरी चढणे कठीण. तिथेच असेही आहे की आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वागवले तरी त्यांचे फिटत नाही. आम्ही संध्याकाळी आईजवळ बसलो, ही गोष्ट तिला सांगितली, आणि गळा दाटून म्हणालो की तुझे उपकार आम्ही कसे फेडू. आईने नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, 'खांद्यावर नको घेऊ बाप्पा, पाडशीन. चक्कीवरून दयण आन, लाईन जाईन.'

आम्ही दळण आणले. कारण तथागतांचे वचन मोठे असले तरी तेल्हाऱ्यात लाईन जाते हेही खरे होते.

राजगृहाजवळ सिगाल नावाच्या तरुणाला भगवंतांनी घरातल्या नात्यांचे उपदेश केले, त्यात पत्नीबाबत पतीची पाच कर्तव्ये आहेत. सन्मान करावा, अवमान करू नये, एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि अलंकार द्यावेत. अधिकाराबाबत आमच्यावर दोष येऊ शकत नाही, तो आम्ही द्यायच्या आधीच घेतला गेला आहे. अलंकाराबाबत मात्र आम्ही २०१७ साली एक गोष्ट केली. चांदीचे गोट करून आणले, आईसाठी. तिने हातात घातले, खाली-वर करून पाहिले, आणि 'पोकळ हायेत' म्हणाली. होतेच पोकळ. पण काढले नाहीत.

२०१८ च्या पावसाळ्यात आई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात शेवटी आम्हीच उभे राहिलो, कारण सवय. भन्तेजींचे आभार मानले. दूरगावाहून चिखल तुडवत आलेल्या पाहुण्यांचे, स्वयंपाक करणाऱ्या शेजारच्या बायकांचे, ताडपत्री देणाऱ्याचे, गाडीवाल्याचे, सर्वांचे मानले. एक नाव सुटले नाही असे समाधान घेऊन घरी आलो. मंडळी म्हणाल्या, 'साऱ्याइचं नाव घेतलं. आईचंच रायलं.'

त्या रात्री झोप लागली नाही. बाबासाहेबांच्या पाकिस्तानवरील इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका कितीतरी वेळा वाचली होती. ती रमाईंना आहे. त्यांचे मन, त्यांचे शील आणि दारिद्र्याच्या दिवसांत त्यांनी दिलेली साथ यांची ती लेखी पोच आहे आणि त्यात बाबासाहेब त्यांना घरातल्या 'रामू' याच नावाने हाक मारतात. रमाईंचे निधन २७ मे १९३५ चे. ग्रंथ आला तो त्यानंतर पाच-साडेपाच वर्षांनी. कारकुनाचे डोके, ते तारखा मांडते. पण मग आठवले की १९२८ चा तो अंक रमाई असतानाच निघाला होता. त्या अंकातली ती ओळ त्यांना कोणी वाचून दाखवली असेल काय, आणि ऐकून त्या लाजल्या असतील की 'असलं कायले लिहिता' म्हणाल्या असतील, याचा विचार आम्ही पहाटेपर्यंत करत होतो.

महिलांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत बसलेल्या एका बाईंनी आम्हाला सकाळीच बजावले आहे की माह्या नावानं काही बोलसान तर संध्याकाळी पोया भेटनार नाई. म्हणून आम्ही त्यांच्याविषयी काही बोलत नाही. मेथीदाण्याचा तो डबा अजून फळीवर आहे. त्यात आता किती आहेत ते आम्ही विचारलेले नाही. मात्र महिन्यातून एकदा, घरात कोणी नसताना, आम्ही त्यात एक नोट टाकतो. दोन वर्षे झाली. त्यांनीही अजून विचारलेले नाही. आज या माईकवरून कळले असेल, तर पोयांचे आम्ही पाहून घेऊ.

पंच्याहत्तरी ओलांडलेले मामा पहिल्या रांगेत बसले आहेत. अंगात नवा शर्ट आहे.

सचिवांची आत्ताच चिठ्ठी आली आहे की आजचे आभारप्रदर्शनही तुम्हीच उरकून घ्या, वेळ कमी आहे. तेव्हा मागच्या रांगेतल्या मंडळींना विनंती की चपला शोधू नका, बसा दोन मिनिटे. सर्वप्रथम...